काटाघरातला उसासा

मित्रांनो, पेटी म्हटलं की तुमच्यापैकी कुणाला कपड्यांची ट्रंक आठवेल, कुणाला आंब्यांची. मी त्यातली नाही. मी एक जुनी बाजाची पेटी आहे, कीर्तनात वाजणारी. माझी एक पांढरी पट्टी पिवळी पडली आहे, भात्याला दोन ठिकाणी कातड्याची ठिगळं आहेत, आणि माझी कडी लावताना झाकण जरा वर उचलावं लागतं. सदतीस-अडतीस वर्षं मी देवाच्या दारात गाते आहे. त्यातले तीन आठवडे मात्र अख्खं गाव मला भूत समजत होतं, आणि गंमत म्हणजे, ते भूत मीच आहे हे गावाला ठाऊक नव्हतं. ते कसं झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मिरजेचा. तिथे वाद्यं करणाऱ्या कारागिरांची एक आळी आहे. तिच्या टोकाला एक म्हातारबाबा पेट्या करीत. एका पडक्या दाराचं जुनं सागवान त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. माझ्या पोटात त्यांनी पितळेच्या पातळ जिभा बसवल्या. त्यांना कारागीर सूर म्हणतात. एकेक जीभ कानाशी धरायची, कानसाने केसभर घासायची, पुन्हा कानाशी धरायची. असं महिनाभर चाललं. डाव्या हाताला खर्जाचा, म्हणजे सगळ्यात खालचा सूर बसवला, तेव्हा बाबांनी तो जरा जास्त वेळ ऐकला. त्या सुराला त्यांनी एक वेगळी खुंटी दिली. ती ओढून भाता हलवला की कुठलीही पट्टी न दाबता तो सूर आपला आपण घुमत राही. एखाद्या थोरल्या माणसाने नुसतं शेजारी बसावं, तसा.

मला न्यायला आले ते नाथाजीबुवा. वाळवे तालुक्यातल्या जांभूळमळा गावचे कीर्तनकार, तेव्हा पंचवीस वर्षांचे. बाबांनी मला त्यांच्या हाती देताना एवढंच सांगितलं, की सूर मी दिला आहे, श्वास ज्याचा त्याने द्यायचा.

तो श्वास मला भरभरून मिळाला, मित्रांनो. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असं देऊळ नसेल जिथली फरशी मी पाहिली नाही. एसटीच्या टपावर बसून मी प्रवास केला, बैलगाडीतून केला, एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरवरून केला. लोणंदला स्टेशनाजवळच्या मंदिरात कीर्तन रंगात आलं की नेमकी गाडी शिटी द्यायची. बुवा थांबायचे आणि म्हणायचे, "तिला बोलू द्या, ती वेळेवर आलीय. आपणच सुरुवात उशिरा केली." पाचगणीच्या धुक्यात माझे सूर गारठून आखडायचे, तेव्हा बुवा स्वतःची शाल काढून मला पांघरायचे आणि आपण उपरण्यावर भागवायचे.

आणि कीर्तन! ते कसं सांगू? आधी गजर होतो. मग बुवा अभंग लावतात, एकेक ओळ उकलून दाखवतात, आणि माणसं हळूहळू आपापली घरं विसरतात. मग गोष्ट सुरू होते. गोष्ट अशी, की बुवांनी हात वर केला की आभाळ दिसतं आणि खाली आणला की विहीर. रडणाऱ्या माणसाला पुढच्याच वाक्याला हसू फुटतं. शेवटी आरती, आणि प्रत्येकाच्या कपाळाला काळा सुगंधी बुक्का. मी कितीतरी वाद्यांशी गप्पा मारल्या आहेत. लग्नातला बँड असो की तमाशातली ढोलकी, कीर्तनाचं भाग्य मला मिळालं म्हणून सगळी माझा हेवा करतात.

त्र्याऐंशी साली माझ्यावर नवा हात आला. हिंदुराव हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन गावी आले होते. उंच माणूस, मिशा पिळदार, पण बोटं लोण्यासारखी. पलटणीच्या मंदिरात ते पेटी शिकले होते. मला ते देवाइतकं मानत. आणि मित्रांनो, तिथेच घोळ झाला.

कीर्तन संपलं, बुक्का वाटला, की हिंदुराव एक चिमूट मलाही लावायचे. डाव्या हाताला, खर्जाच्या पट्टीच्या वर. सगळ्यांच्या कपाळाला लागतो, मग पेटीने काय पाप केलंय, असा त्यांचा भाव. भाव गोड होता. पण मला कपाळ कुठे आहे? तो बुक्का पट्ट्यांच्या फटीतून खाली उतरायचा आणि खर्जाच्या जिभेवर जाऊन बसायचा. पावसाळ्यात ओला व्हायचा, उन्हाळ्यात घट्ट व्हायचा. एका चिमटीने काय होतं म्हणाल, तर एका चिमटीने काहीच होत नाही. पण पाच-सहा वर्षांत माझा खर्ज घोगरा झाला आणि दहाव्या वर्षी तो सूर राहिलाच नाही. खुंटी ओढली की आधी नुसती हवा सुटायची, हुस्सऽऽ अशी, आणि मग आतून एक कण्हणं यायचं. जणू कुणी बाई तोंडात पदर धरून रडते आहे.

बुवा एकदा विचारते झाले, की आपला खर्ज कुठं गेला. हिंदुराव म्हणाले, हवा दमट हाय, बुवा. मग ते ती खुंटी ओढेनासेच झाले. पेटी मिरजेला दाखवून आणतो असं दर दिवाळीला म्हणायचे, पण ऊस तुटून जाऊ दे, लगीनसराई होऊ दे, असं करत वर्षं गेली. पलटणीत रोज बंदूक उघडून पुसणारा हा माणूस. पण पेटी उघडायची म्हणजे त्यांना देवाचं पोट फाडल्यासारखं वाटायचं.

आता काटाघराकडे येऊ. आमच्या गावाच्या वेशीबाहेर साखर कारखान्याची एक दगडी खोली होती. पूर्वी तिथे उसाच्या गाड्यांचं वजन व्हायचं. काटा दुसऱ्या गावी गेला, खोली रिकामी पडली. त्या खोलीत आम्रपालीताईंनी अंगणवाडी सुरू केली. बुद्धविहाराच्या गल्लीतली ही शिकलेली मुलगी. तिने भिंतींना चुना दिला, खाली हत्ती-घोडे काढले, आणि चार वर्षांत पोरं जमवली बत्तीस. मराठ्यांची, बौद्धांची, धनगरांची, सगळी एका रांगेत बसून सुकडी खायची. सुकडी शिजवायला तानुबाई होत्या. हिंदुरावांची पाच वर्षांची नात संयोगिता पहिल्या रांगेत बसायची.

सत्त्याण्णव सालच्या रामनवमीला आमच्या देवळात सप्ताह होता. इस्लामपूरच्या बाजूच्या एका केबल वाहिनीचा ऋषिराज नावाचा तरुण कीर्तनाचं चित्रीकरण करायला आला. लग्नांचं शूटिंग करून त्याचा हात बसला होता. चेहरा हसरा, बोलणं मऊ. दर गुरुवारी संध्याकाळी सातला त्याचा स्वतःचा एक कार्यक्रम लागायचा, 'सावलीचा माग'. भुताच्या जागा शोधायच्या आणि कॅमेऱ्याने भूत पकडायचं, असा तो कार्यक्रम होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हिंदुरावांना म्हणाला, "तात्या, काटाघरावर थोडं शूटिंग आहे. पेटी घेऊन या, मागं वाजवायला संगीत पाहिजे." हिंदुरावांना वाटलं, अंगणवाडीचा कार्यक्रम असेल. त्यांनी मला खांद्यावर घेतलं. आम्रपालीताई त्या दिवशी तालुक्याला बैठकीला गेल्या होत्या. पोरं घरी गेली होती. किल्ली तानुबाईंकडे होती.

तिथे मी जे पाहिलं ते मला फार नवलाचं वाटलं, मित्रांनो. मी कोपऱ्यात बसून सगळं बघत होते.

दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ऋषिराजने कॅमेऱ्याच्या भिंगावर निळा जिलेटिनचा कागद लावला आणि छोट्या टीव्हीत बघितलं, तर काटाघरावर रात्र पडली होती. मी अडतीस वर्षांत इतक्या झटपट मावळलेला दिवस पाहिला नाही. मग त्याच्या जोडीदाराने धुपाटण्यात ओली गोवरी घातली. धूर झाला. दाराच्या कडीला मासे धरायचा तंगूस, म्हणजे बारीक पारदर्शक दोरा, बांधला आणि खिडकीबाहेरून ओढला. दार आपलं आपण कुरकुरत उघडलं. टीव्हीत तंगूस दिसेना.

मग तानुबाईंना दारात उभं करून त्याने विचारलं, की मावशी, इथं तुम्हाला भीती वाटते का? तानुबाई हसल्या. म्हणाल्या, "भीती कसली, बाबा? पावसाळ्यात त्या कपारीतनं साप निघतो, तवा वाटती तेवढीच." ऋषिराज म्हणाला, झकास, आणि त्याने त्यांना चहा आणायला घरी पाठवलं.

शेवटी तो माझ्याकडे वळला. संगीत वाजवता वाजवता हिंदुरावांचा हात चुकून खर्जाच्या खुंटीला लागला होता, आणि माझा तो कण्हणारा आवाज निघाला होता. ऋषिराजचे डोळे चमकले. तात्या, तो आवाज पुन्हा काढा बरं, म्हणाला. हिंदुराव ओशाळले. तो आवाज बिघाडाचा आहे, असं त्यांनी सांगितलं. पण पोराने आग्रह केला, तेव्हा त्यांनी खुंटी ओढली आणि भाता हलवला. हुस्सऽऽ... ऋषिराजने माईक माझ्या अगदी जवळ धरला. इतक्या मायेने माझ्या बिघाडाकडे कधी कुणी कान लावला नव्हता. मला तर मनातून बरंच वाटलं.

गुरुवारी सात वाजता हिंदुरावांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, वीस-पंचवीस माणसं टीव्हीसमोर बसली. मी फळीवर होते. पडद्यावर आमचं काटाघर आलं. रात्रीचे बारा वाजले आहेत, असं ऋषिराजचा आवाज घोगरा होऊन सांगत होता. उसाच्या गाडीखाली सापडून गेलेल्या एका बाईची गोष्ट त्याने सांगितली. आमच्या गावात अशी बाई कधी झालीच नव्हती, पण सांगण्याची ढब अशी, की दोन म्हाताऱ्यांना ती आठवायलासुद्धा लागली. मग तानुबाई दिसल्या. प्रश्न आला, भीती वाटते का? आणि तानुबाईंचं तोंड म्हणालं, "...तवा वाटती." मधला साप गेला होता. धूर आला. दार उघडलं. आणि मग ते कण्हणं आलं.

सोप्यातली माणसं एकमेकांना चिकटून बसली. मी मात्र दचकले ते वेगळ्याच कारणाने. तो आवाज माझा होता! आपलाच आवाज परक्या घरातून यावा, तसं मला झालं. मी हिंदुरावांकडे पाहिलं. त्यांनीही मान वळवून फळीकडे पाहिलं. त्यांनी ओळखलं होतं. आता ते बोलतील, असं मला वाटलं. पण ते मिशीवरून हात फिरवून गप्प बसले.

मित्रांनो, मला सूर आहेत, शब्द नाहीत. असते तर त्या क्षणी मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सात पोरं आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी चार. शूटिंग भर दुपारी झालं, असं तानुबाई सांगायच्या, पण लोक विचारायचे, मग तो रडण्याचा आवाज कसला? सयाजी नावाचे एक शेतकरी होते, मनाने चांगले, पण त्यांचा नातू आजारातून नुकताच उठलेला. ते आम्रपालीताईंना रस्त्यात थांबवून म्हणाले, की ताई, तुमच्यावर राग न्हाई, पण पोराचा जीव त्या जागेत घालणार न्हाई. आठवड्याने ताई आणि तानुबाई दोघीच सुकडीचं पातेलं समोर घेऊन बसल्या होत्या. महिनाअखेर तालुक्याची मुख्यसेविका तपासणीला येणार होती. हजेरी नसेल तर अंगणवाडी दुसऱ्या गावाला जाणार, आणि ताईंचं चार वर्षांचं काम पुसलं जाणार, हे ठरलेलं होतं. चुना लावलेल्या भिंतीवरचे हत्ती-घोडे तेवढे उरले असते.

आणि हिंदुरावांच्या घरात काय चाललं होतं? सूनबाईंनी संयोगितालाही घरीच ठेवलं होतं. ती पोर आजोबांच्या धोतराला धरून रोज सकाळी विचारायची, "आबा, अंगणवाडीत कवा जायाचं?" हिंदुराव काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे, आणि फळीकडे पाहायचं टाळायचे.

आम्रपालीताई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी ऋषिराजकडे जाऊन त्या कार्यक्रमाची कॅसेट मागून आणली. त्याने ती अभिमानाने दिली. हिंदुरावांच्या मुलाने सैन्यातून सुट्टीवर येताना आणलेला व्हीसीआर गावात एकच होता. म्हणून एका सकाळी ताई, तानुबाई आणि नाथाजीबुवा हिंदुरावांच्या सोप्यात येऊन बसले. गाव बुवांचं ऐकतं, म्हणून बुवांनी आधी पाहावं, असं ताईंचं म्हणणं होतं. बुवांनी कार्यक्रम पाहिला नव्हता. ते म्हणाले, पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही, आधी बघू.

कॅसेट फिरू लागली. एका जागी ताईंनी ती थांबवली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"बुवा, रात्रीचे बारा वाजलेत म्हणतोय हा. आणि ही मागं बघा, कोंबडी दाणं टिपतीय. आमची कोंबडी तर दिवेलागणीलाच खुराड्यात जाती."

बुवा पुढे वाकले. खरंच, निळ्या रात्रीत एक कोंबडी निवांत चरत होती. तिची सावली तिच्या पायांलगतच होती, उन्हाळ्यात दुपारी पडते तशी. बुवांना हसू आवरेना. पुढे तानुबाईंचं वाक्य आलं, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी म्हणले साप निघतो तवा वाटती. ह्येनं माझा साप कुठं घातला?"

मग कण्हणं आलं. बुवांचं हसू थांबलं.

"पुन्हा लावा," ते म्हणाले. ताईंनी पुन्हा लावलं. बुवांनी डोळे मिटले. पुन्हा लावा, म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले, पण टीव्हीकडे पाहिलंच नाही. त्यांनी फळीवर माझ्याकडे पाहिलं, आणि मग हिंदुरावांकडे.

हिंदुराव उभे राहिले. पलटणीत साहेबासमोर उभं राहावं, तसे. "पेटी हाय ती, बुवा. आपलीच. मला पहिल्याच दिवशी कळलं हुतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बुक्का, चिमूट, दिवाळीचे वायदे, सगळं. आवाजाचं सांगायचं तर पेटी आपणच बिघडवली हेही सांगावं लागलं असतं, म्हणून जीभ उचलली नाही, म्हणाले. चौदा वरसं झाली, बुवा.

"चौदा वर्षं म्हणजे खर्जाला वनवासच झाला की," बुवा म्हणाले. हिंदुराव हसले नाहीत. तेव्हा बुवांचा आवाज खाली आला. "पेटीचं सोडा, हिंदुराव. पेटी मिरजेला जाईल. तुमची नात घरात बसलीय, तिचं बोला."

हिंदुरावांनी मान वळवली. आतल्या दारात संयोगिता उभी होती. तिने पाटीदप्तर काखेत धरलं होतं, कारण ताई घरी आल्या म्हणजे अंगणवाडी घरीच भरणार, असं तिला वाटलं होतं.

बुवा म्हणाले, की मी कीर्तनात सांगतो, भूत नाही म्हणून. ताईंनी मान हलवली. त्या चार वर्षं लहान मुलांना शिकवत होत्या, त्यांना ठाऊक होतं. "सांगू नका, बुवा. गावानं ते कानानं ऐकलंय. कानालाच ऐकवा."

आणि तसंच ठरलं. कीर्तन काटाघरातच करायचं, सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात. ऋषिराजलाही निरोप गेला, की कॅमेरा घेऊन ये, निळा कागद मात्र घरी ठेव.

त्या दिवशी ताईंनी दारात रांगोळी काढली होती. पुरुष आत येऊन बसले. बायका पोरांना कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, आत पाऊल टाकेनात. बुवांनी विठ्ठलाचा गजर केला. मृदंग लागला. मी गात होते, पण माझं सारं लक्ष त्या डाव्या खुंटीकडे. हिंदुरावांची बोटं माझ्या पट्ट्यांवर ओली होत होती.

अभंग झाला, निरूपण झालं, आणि बुवांनी गोष्ट लावली. एका काटाघराची गोष्ट. त्यात दुपारची रात्र कशी झाली, ते सांगितलं. कोंबडी सांगितली, तेव्हा पोरं हसली. तानुबाईंचा हरवलेला साप सांगितला, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग बुवांनी दोन्ही हात खाली आणले.

"हिंदुराव, खर्ज."

खुंटी ओढली गेली. भाता हलला. हुस्सऽऽ... आणि ते कण्हणं काटाघराच्या दगडी भिंतींत घुमलं.

बाहेरच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. कडेवरचं एक पोर रडू लागलं. सयाजी ताडकन उठले. मागे ऋषिराजच्या खांद्यावरचा कॅमेरा खाली आला.

हिंदुराव उभे राहिले. "भिऊ नगा. ह्यो आवाज भुताचा न्हाई, माझा हाय. चौदा वरसं म्या पेटीला बुक्का लावला आन् एकदाबी उघडून बघितली न्हाई. पोरं घरी बसली तवा मला ठावं हुतं. तरी गप बसलो. तुमी मला काय बी म्हणा, पर ह्या आम्रपालीची शाळा मोडू नगा."

हिंदुरावांनी माझे चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि मला पुढे सरकवलं. मित्रांनो, मला लाज वाटली. अख्ख्या गावासमोर माझं पोट उघडं पडलं होतं. खर्जाच्या जिभेवर काळा थर साचला होता. माणसं माना उंचावून बघू लागली. साफ करायला काहीतरी बारीक हवं होतं, तेव्हा तानुबाईंनी कोंबडीचं एक पीस आणून दिलं.

"तीच कोंबडी असंल," बुवा म्हणाले, आणि मघाची सगळी भीती हसण्यात वाहून गेली.

हिंदुरावांनी पिसाने हळूहळू बुक्का झाडला. अत्तराचा जुना वास काटाघरभर सुटला. मग त्यांनी पुन्हा खुंटी ओढली. सूर आला. घोगरा होता, थकलेला होता, पण माझा होता. त्या म्हातारबाबांनी जरा जास्त वेळ ऐकलेला. मी कितीतरी वर्षांनी स्वतःला ऐकलं.

सयाजी अजून उभेच होते. ते सरळ माणूस, मनात राहिलं की बोलून टाकणारे. म्हणाले, "बुवा, एक इचारू? देव दिसत न्हाई तरी तुमी मानता. मग भूत मानायला काय हरकत हाय?"

सगळे बुवांकडे बघू लागले. मीही.

"सयाजी, भूत आहे का नाही, ते मला ठाऊक नाही. मी तेवढा शहाणा नाही. पण हे भूत माझ्या पेटीत राहतं, एवढं मला ठाऊक आहे. आणि देवाचं म्हणाल, तर छत्तीस वर्षं मी त्याची सेवा करतोय. त्याला दाखवायला मला कधी दुपारची रात्र करावी लागली नाही. तुम्ही उजेडात या, पेटी उघडा, पाहिजे तेवढं तपासा. त्यानं जो उणा होतो तो देव नव्हे."

सयाजींनी वाकून माझ्या उघड्या पोटात पाहिलं. मग ते बाहेर गेले, सुनेच्या कडेवरून नातवाला घेतलं आणि आत येऊन ताईंच्या शेजारी बसवलं. त्यानंतर बायकांनी उंबरा ओलांडला. सगळ्यांनी एकदम नाही, एकेकीने. काही जणी शेवटपर्यंत बाहेरच उभ्या राहिल्या, तेही खोटं कशाला सांगू?

तपासणीच्या दिवशी हजेरी एकोणतीस लागली. तीन पोरांना गोवर आला होता. त्याच्याशी भुताचा काही संबंध नव्हता. अंगणवाडी काटाघरातच राहिली.

ऋषिराजचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. बुवा त्याच्यावर रागावले नाहीत. मधलं काही न कापता दाखव, एवढंच सांगितलं. त्याने पुढच्या गुरुवारी ते सगळं दाखवलं, हिंदुरावांचं बोलणं धरून. तेव्हा त्याचा घोगरा आवाज कुठेच नव्हता. पण त्याच्या पुढच्या गुरुवारी 'सावलीचा माग' पुन्हा सुरू झाला, दुसऱ्या गावाच्या विहिरीवर. लोकांना तेच बघायचं असतं, म्हणाला. असेल. आमच्या गावात मात्र तो कार्यक्रम आता वेगळ्याच रीतीने बघतात. पोरं टीव्हीला नाक लावून बसतात आणि कोंबडी शोधतात. संयोगिताला परवा मध्यरात्रीच्या स्मशानात वाळत घातलेली चादर आणि सायकलवरून जाणारा पोस्टमन सापडला. ती भ्यायली नाही, टाळ्या पिटून हसली.

मी त्या उन्हाळ्यात मिरजेला जाऊन आले. म्हातारबाबा आता नाहीत, त्यांच्या नातवाने माझा खर्ज घासून सुरात आणला आणि भात्याला ठिगळ लावलं. त्याने जिभेवरचा उरलेला बुक्का कागदावर झाडला आणि हिंदुरावांना विचारलं, की एवढी भक्ती कुणाची? हिंदुराव म्हणाले, माझीच, पण जागा चुकली.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. आणखी किती वर्षं गाईन, ठाऊक नाही. तुमच्या घरी एखादी पेटी, रेडिओ, शिलाई मशीन असेल, तर तिला नुसता नमस्कार करून ठेवून देऊ नका. अधूनमधून उघडा, कोरड्या फडक्याने पुसा, तिचं काय दुखतं ते ऐका. आणि अंधारातून कसला आवाज आला, तर पळण्याआधी एवढं विचारा, की हा कुणाचा? कदाचित तुमच्याच घरातलं कुणीतरी, किती वर्षांपासून न उघडलेलं, कण्हत असेल.

आजही कीर्तन संपलं की बुक्का वाटला जातो. हिंदुराव चिमूट घेतात. चौदा वर्षांची सवय, हात आपसूक माझ्या डाव्या बाजूला येतो. वर येऊन थांबतो. मग ते हसतात, ती चिमूट स्वतःच्या कपाळाला लावतात, आणि बोटं धोतराला स्वच्छ पुसून माझं झाकण जरा वर उचलून कडी लावतात.